देवमनभाऊंचे हिरवे दाणे

त्या वर्षी पाऊस पुरेसा झाला, वडाळीचा तलाव काठोकाठ भरला, आणि तरीही देवमनभाऊ खंडारे यांचं ठाम मत होतं की अमरावतीच्या पाण्याला काहीतरी झालंय. हे मत त्यांनी कॉलेजच्या शिपायांना सांगितलं, पानठेल्यावर सांगितलं, आणि शेवटी घरी बायकोलाही सांगितलं. बायकोनं ते एका वाक्यात खोडून काढलं. पण ते वाक्य सांगण्याआधी देवमनभाऊ कोण, ते सांगायला हवं.

देवमनभाऊ एका जुन्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नोकरी चौतीस वर्षांची, आणि येत्या डिसेंबरच्या शेवटच्या तारखेला ती संपणार होती. परिचर म्हणजे काचा धुणारा माणूस असं ज्याला वाटतं, त्यानं त्यांच्यासोबत एक सकाळ काढायला हवी होती. दाढीच्या पात्यानं ते देठाचा इतका पातळ काप काढत की पाण्यात सोडला की तो दिसेनासा व्हायचा, आणि नव्यानं लागलेले प्राध्यापक चष्मा सरसावून त्याला शोधत बसायचे. कोणत्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू कुठे अडतो, कोणत्या कपाटाचं दार कसं उचलून लावायचं, सगळं त्यांना पाठ. शिक्षण दहावीपर्यंत, तेही दुसऱ्या खेपेला. पण प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत पोरांची दांडी गुल झाली की ती सरांकडे बघायच्या आधी देवमनभाऊंकडे बघत.

त्यांचा खरा जीव मात्र खिडकीमागच्या सिमेंटच्या टाक्यात होता. त्या टाक्यात हायड्रिला वाढत असे. पाण्याखाली राहणारी, बारीक पानांची, कुठल्याही तलावात सापडणारी वनस्पती. भोई लोक तिला शिव्या घालतात, कारण ती जाळ्यात गुंतते. वनस्पतीशास्त्रवाल्यांना मात्र ती फार प्रिय, कारण तिचं पान जेमतेम दोन पेशींएवढं जाड, इतकं पातळ असतं की कापावं लागत नाही. एक पान खुडायचं, काचेवर ठेवायचं, पाण्याचा थेंब, वर दुसरी बारीक काच, की झालं. जिवंत पेशी समोर हजर, आणि पेशींमध्ये हिरवे दाणे.

पुस्तकात त्या दाण्यांना हरितलवक म्हणतात. देवमनभाऊंनाही तो शब्द ठाऊक होता, भिंतीवरच्या तक्त्याची धूळ पुसता पुसता पाठ झाला होता. पण बोलताना ते 'दाणे'च म्हणत.

त्यांनी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा नोकरीला महिनाही झाला नव्हता. विभागप्रमुख होते खुशालराव इंगोले सर. तास संपून पोरं गेली होती, देवमनभाऊ काचा गोळा करत होते, आणि सर म्हणाले, "देवमन, ये. बघ." देवमनभाऊ वाकले. त्यांना स्वतःच्याच पापण्यांचे केस दिसले. पहिल्यांदा सगळ्यांना तेच दिसतात. मग सरांनी डोकं जरा मागे घ्यायला लावलं, आणि समोर उजेडाची एक वाडी उघडली. विटांसारख्या लांबट खोल्या, एकीला लागून दुसरी. प्रत्येक खोलीत हिरवे दाणे, मुगासारखे, भिंतीच्या कडेकडेनं एकामागे एक चाललेले. देवमनभाऊंनी दचकून डोकं वर काढलं आणि टेबल कोण हलवतंय ते पाहायला खाली वाकले.

सर पोट धरून हसले. "कोणी हलवत नाही. आतला रस फिरतो, त्याच्यासोबत ते फिरतात. पान जिवंत आहे ना."

"अन् सर, हे करतात काय?"

"ऊन पकडतात. ऊन, पाणी आणि हवेतला वायू, एवढ्यावर साखर तयार करतात. जगात जो कोणी जेवतो ना देवमन, त्याचं जेवण पहिल्यांदा इथं शिजतं. झाडात म्हणजे अख्ख्या झाडात नाही, पानात म्हणजे अख्ख्या पानात नाही. या दाण्यांच्या आत."

देवमनभाऊ पुन्हा वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. त्यांचं गाव चांदूर रेल्वेजवळचं. लहानपणी आईबाप दुसऱ्याच्या खळ्यावर कामाला, आणि पोरगा मळणीच्या बैलांच्या पातीमागे. मधल्या खांबाला जुंपलेले बैल गोल गोल फिरतात, खुरांखाली ज्वारीची कणसं मोकळी होतात, आणि मागून चालणाऱ्या पोराला ऊन आणि धूळ अंगावर घेत चालता चालता झोप लागते. पाय चालतात आणि डोळे मिटतात. त्या झोपेतून पंधरा वर्षांनी जागं व्हावं तसं त्यांना वाटलं. ही तर पात होती. फक्त कोणी हाकत नव्हतं, आणि कोणी थकत नव्हतं.

पुढे सरांनी त्यांना बरंच सांगितलं. भिंतीवरच्या तक्त्यात एक दाणा हंड्याएवढा मोठा करून काढला होता, आणि त्याच्या पोटात चपट्या चकत्यांच्या उतरंडी. देवमनभाऊंच्या डोळ्यांना त्या भाकरीच्या चळती दिसत. या चळतींमध्ये ऊन धरलं जातं आणि भोवतीच्या रसात साखर होते, हे ते पोरांना सरांपेक्षा सोपं करून सांगत. एक प्रयोग त्यांचा खास आवडता होता. पांढरे-हिरवे चट्टे असलेलं पान दिवसभर उन्हात ठेवायचं, मग स्पिरिटमध्ये गरम करून त्याचा हिरवा रंग काढायचा आणि वर आयोडीन टाकायचं. जिथं हिरवं होतं तेवढंच पान निळंकाळं होई, म्हणजे अन्न तिथंच तयार झालेलं. पांढरा चट्टा कोराच राही. "हा पांढरा चट्टा पाह्य, नुसता बसून खाते," देवमनभाऊ सांगत. "जावई हाय, जावई!" पोरं खिदळत, आणि जन्मात विसरत नसत.

त्यांची एक रीत होती. स्वतः दाणे बघायचे ते सगळ्यात शेवटी. वीस पोरांसाठी वीस काचा मांडायच्या, हिवाळ्यात दाणे गारठून बसले असतील तर काचा आधी अर्धा तास खिडकीच्या उन्हात ठेवायच्या, कुरकुरणाऱ्याला "थांब बे, उठतील" म्हणायचं. आणि सगळे गेले की एकट्यानं एका काचेशी बसायचं. पोरांच्या आधी कधी नाही, पोरांसमोर कधी नाही. कोणी तसं सांगितलं नव्हतं. त्यांना आपलं तेच बरोबर वाटे.

संध्याकाळी घरी आले की दुर्गाबाई चहा ठेवता ठेवता विचारत, "चालले का आज तुमचे दाणे?" पोराच्या शाळेची चौकशी करावी तसं. दुर्गाबाई त्यांची बायको. चाळीस वर्षं लोकांच्या वावरात निंदणाला गेलेली, बोलायला रोखठोक. आणि देवमनभाऊ सांगत. आज जोरात चालले. आज एक कोपऱ्यात अडकला होता. आज ढग होते, आळसात होते. अशी चौतीस वर्षं त्यांनी सांगितलं आणि तिनं ऐकलं.

तर त्या ऑगस्टात हायड्रिला पिवळी पडली.

आधी त्यांनी टाक्याला दोष दिला. सगळी वनस्पती उपसून फेकली, टाकं घासून काढलं आणि वडाळीच्या तलावावरून नवी आणली. तीही पिवळी. मग छत्री तलावावर गेले, गुडघाभर पाण्यात उतरले, जुड्याच्या जुड्या उचलून उन्हासमोर धरल्या. पिवळ्या. एका रविवारी तर एसटीनं थेट मालखेडच्या तलावापर्यंत गेले, येताना मांडीवर पाण्याचा डबा. शेजारच्या बाईनं विचारलं, "मासोळ्या हायत का?" देवमनभाऊ म्हणाले, "नाही बाई, पेशंट हायत."

अपेक्षा मॅडम त्यांची गंमत बघत होत्या. मॅडम विभागात सगळ्यात लहान. दहा वर्षांपूर्वी याच टेबलाशी पहिल्यांदा दाणे बघताना त्यांनाही स्वतःच्या पापण्या दिसल्या होत्या, आणि डोकं मागे घ्यायला देवमनभाऊंनीच लावलं होतं. तिसऱ्यांदा टाकं रिकामं झालं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "काका, हे तर छान हिरवं आहे."

देवमनभाऊंना वाटलं, पोरगी चांगली आहे. म्हातारा माणूस, चार महिन्यांत जाणार, त्याचं मन कशाला दुखवायचं म्हणून बोलते. ते कसनुसं हसले आणि विषय बदलला.

मनातून मात्र ते पार हादरले होते. आता त्यांना दाणेसुद्धा नीट दिसेनात. काचेखाली खोल्या दिसत, खोल्यांमध्ये गढूळ, उसाच्या रसासारखं काहीतरी, आणि त्यात चालतंय की नाही कळत नसे. दर संध्याकाळी ते दुर्गाबाईंना सांगत, चालले, मस्त चालले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खोटं सांगायला सुरुवात केली होती, आणि ते त्यांना फार लागत होतं.

एक दिवस त्यांनी हायड्रिलाची एक काडी काचेच्या ग्लासात घालून घरी आणली आणि खिडकीत ठेवली. दोन दिवस तिच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाण्यालेच काही झालं या वर्षी. पाह्य, कशी पिवळी पडून राहिली."

दुर्गाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "पिवळी कुठी हाये? हिरवीगार तं हाये."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"मले?" दुर्गाबाईंनी सूप खाली ठेवलं. "चाळीस वर्षं निंदलं म्या. पीक कोणतं अन् गवत कोणतं, हे हिरव्याहिरव्यातलं वेगळं करून पोट भरलं. मले हिरवं समजत नाही?" मग त्या उठल्या, समोर येऊन उभ्या राहिल्या आणि अंगावरच्या लुगड्याचा पदर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "हा रंग सांगा."

"हळदी."

दुर्गाबाईंनी पदर तसाच धरून ठेवला. ते लुगडं अकोल्याच्या लेकीनं दिवाळीला घेतलं होतं. पोपटी हिरवं. देवमनभाऊंनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, पुन्हा पदराकडे पाहिलं. बिचारी वडाळी, बिचारी छत्री, बिचारं मालखेड. मॅडमच्या गोडव्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता, पण दुर्गाबाईंनी आयुष्यात कोणाचं मन राखायला म्हणून काही सांगितलं नव्हतं.

"पाणी नाही, डोये बिघडले तुमचे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला.

लेक दीपमाला अकोल्यात राहत होती. तिनं फोनवर ऐकलं आणि चारच दिवसांत तपासणीची वेळ ठरवली. डॉक्टर तरुण होते, मोजकं बोलणारे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून तपकिरी झालेला. उजवा आधी करू, डावा दोन-अडीच महिन्यांनी. "पण बाबा, एक सांगून ठेवतो. इतक्या जुन्या मोतीबिंदूमागचा पडदा कसा आहे, ते आत्ता दिसत नाही. किती नजर परत येईल याचा शब्द देत नाही."

"बारीक दिसेल का?" देवमनभाऊंनी विचारलं.

"बारीक म्हणजे? पेपर?"

"पेपर नाही. पेशी."

डॉक्टरांनी दीपमालाकडे पाहिलं. तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बघू.

मधले दोन महिने साखर खाली आणण्यात गेले, कारण तपासणीत तीही निघाली. साखरेचा जन्म कुठे होतो हे चौतीस वर्षं पोरांना सांगणाऱ्या माणसाला साखर बंद झाली, यावर दुर्गाबाई मनापासून हसल्या. देवमनभाऊंना हसू येत नव्हतं. त्यांचा हिशेब साधा होता. डिसेंबरची शेवटची तारीख उलटली की प्रयोगशाळेची किल्ली मॅडमकडे जाणार. किल्ली गेली की सूक्ष्मदर्शक गेला. त्या तारखेच्या आत एकदा, फक्त एकदा, दाणे त्यांच्या खऱ्या रंगात चालताना दिसायला हवे होते. एवढं झालं की मग घरी बसायला त्यांची ना नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसले. खिडकीबाहेर तुरी फुलल्या होत्या, कापूस फुटला होता, हरभरा वीतभर वर आला होता. देवमनभाऊंना सगळं वावर एकाच रंगाचं दिसत होतं.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्यांना भूल देऊन झोपवलं नाही. डोळ्यात थेंब घातले, तोंडावर कापड टाकलं, आणि सांगितलं, हलू नका, वर दिव्याकडे बघत राहा. देवमनभाऊ बघत राहिले. दिवा आधी दिव्यासारखा होता. मग त्याच्यावर पाणी आलं. उजेड वितळला, पसरला, त्याच्या कडांना निळे आणि गुलाबी झेंडू फुटले, आणि देवमनभाऊंच्या लक्षात आलं की आपण तलावाच्या तळाशी आहोत. वर पाणी, पाण्याच्या वर ऊन. हायड्रिलाला दिवसभर असंच दिसत असणार. ते ऊन खाली खाली येत होतं आणि त्यांच्या अंगातून आरपार जात होतं, कारण त्यांचं अंग आता दोन पेशींएवढंच जाड होतं. आत कोणीतरी चालत होतं. आईची चाहूल होती की बैलांच्या पावलांची, कळेना. खळं होतं, पण धूळ नव्हती. एक पोरगा झोपेत चालत होता, आणि तो पडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, कारण तो भिंतीच्या कडेकडेनं चालला होता. कुठून तरी भाकरीचा वास आला. ऊन धरलं जात होतं आणि भाकरी होत होती. देवमनभाऊंना फार फार बरं वाटलं, इतकं की संपूच नये असं वाटलं.

"झालं बाबा," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. समोर दीपमाला उभी होती, तिच्या मागे पांढरी भिंत. इतकं पांढरं त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिच्या हातातला डबा, स्टीलवर निळसर चमक. मग कोपऱ्यातल्या कुंडीतलं झाड. देवमनभाऊ त्याच्याकडे बघत राहिले, आणि औषध घातलेल्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. "बाबा, रडू नका, डोयाले चालत नाही," दीपमाला म्हणाली, आणि स्वतः रडायला लागली.

जावई नागसेन एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक. त्यानं आठ दिवस रजा काढून सासऱ्यांना दर दोन तासांनी थेंब घातले, हात धरून फिरवलं, डोक्यावरून पाणी ओतताना डोळ्यावर हात धरला. तेव्हापासून देवमनभाऊंनी पांढऱ्या चट्ट्याचा तो विनोद सोडून दिला.

परतीच्या गाडीत ते काळा चष्मा जरासा वर उचलून बाहेर बघत होते. डॉक्टरांचं म्हणणं होतं, पडदा ठीक आहे, फार नाही पण ठीक आहे. बाहेर हरभरा हिरवा होता, कपाशीची पानं निराळी हिरवी, आणि तुरीची फुलं पिवळी. पिवळा रंग आपल्या जागी जाऊन बसला होता. देवमनभाऊ एकटेच हसले. मग गंमत म्हणून उजवा डोळा झाकून डाव्यानं पाहिलं. सगळं वावर पुन्हा उसाच्या रसात बुडालं.

शेवटच्या दिवशी कॉलेजला सुट्ट्या होत्या, पण निरोप समारंभ ठेवला होता. अकरा वाजता, सभागृहात. दुर्गाबाईंनाही बोलावणं होतं. त्या पोपटी लुगडं नेसून आल्या होत्या. देवमनभाऊ त्यांना घेऊन दहालाच आले आणि सभागृहाकडे न वळता थेट प्रयोगशाळेकडे गेले.

"इकळे काहून?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"काम हाय."

थंडी कडक होती. टाक्यातल्या पाण्यात हात घातला तर बोटं बधिर झाली. त्यांनी एक कोवळी काडी काढली, तिचं एक पान खुडलं, काचेवर घेतलं, थेंब टाकला, वर काच अलगद टेकवली. हात अजून पक्का होता. काच खिडकीच्या उन्हात ठेवली आणि दोघं शेजारी बसून राहिले. बाहेर शिपाई खुर्च्या लावत होते. पाऊण तासानं त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, काळा चष्मा काढला आणि नवा डोळा लावला.

हिरवं होतं. ते पहिल्या दिवसाचं हिरवं होतं, इंगोले सरांनी दाखवलेलं. खोल्या लख्ख, दाणे वेगवेगळे, गोलगोल. पण ते बसले होते. एकही हलत नव्हता. देवमनभाऊंनी दुसरी खोली पाहिली, तिसरी पाहिली, पानाच्या मधल्या शिरेशी गेले, जिथं ते सगळ्यात आधी उठतात. सगळीकडे सामसूम.

दारात अपेक्षा मॅडम आल्या. "काका, चला ना. प्राचार्य येऊन बसलेत."

"दोन मिनिटं, मॅडम."

दोन मिनिटांत काही झालं नाही. देवमनभाऊंचा चेहरा बघून दुर्गाबाई म्हणाल्या, "जा तुमी. लोकं तुमच्यासाठी आले. मी बसतो इथी. उठले का सांगतो."

"तुले पाहता येईल?"

"शिकवा."

त्यांनी शिकवलं. दोन्ही डोळे उघडे ठेव, एकच लाव. दुर्गाबाई म्हणाल्या, काळे केस दिसून राहिले. देवमनभाऊंनी त्यांचं डोकं दोन बोटांनी जरा मागे घेतलं, हजारो पोरांचं घेतलं होतं तसं. मग दुर्गाबाईंनी डोळा लावला तो काढलाच नाही. तेवढ्यात पुन्हा हाक आली, आणि देवमनभाऊंना जावं लागलं.

सभागृहात त्यांचं फार कौतुक झालं. प्राचार्य बोलले, दोन जुने विद्यार्थी बोलले. देवमनभाऊ शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते आणि त्यांना शब्द लांबून, पाण्याखालून यावेत तसे ऐकू येत होते. खिशात किल्ली होती. समारंभ संपला की द्यायची. त्यांना काच दिसत होती, काचेतल्या खोल्या दिसत होत्या, आणि कडेकडेनं गारठून बसलेले दाणे. आपणच उशीर केला, असं त्यांना सारखं वाटत होतं.

"आता दुर्गाबाईंनी मंचावर यावं," सूत्रसंचालक म्हणाले. साडीचं ताट तयार होतं. कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला. लोक माना वळवून बघायला लागले. देवमनभाऊ उठले, नारळ खुर्चीवर ठेवला, आणि शाल तशीच अंगावर घेऊन सगळ्यांसमोरून चालत दाराबाहेर गेले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. मॅडम तेवढ्या त्यांच्या मागे निघाल्या.

प्रयोगशाळेत दुर्गाबाई होत्या तशाच वाकलेल्या होत्या. उजवा हात हवेत होता, आणि बोट सावकाश गोल गोल फिरत होतं.

"चालून राहिले," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"कवापासून?"

"तुमी गेले अन् लगेच. एक कोपऱ्यात अडकला होता. मागच्यानं रेटलं, तो बी चालला."

"सरक. मले पाहू दे."

त्या सरकल्या. देवमनभाऊंनी डोळा लावला. हिरवे दाणे भिंतीच्या कडेकडेनं एकामागे एक चालले होते. कोणी हाकत नव्हतं. चौतीस वर्षांत काहीच बदललं नव्हतं, आणि एकदा बघण्याचा देवमनभाऊंचा हट्टही आता पुरा झाला होता. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जुना, डावा डोळा लावला. पिवळसर, गढूळ. पण नीट धीर धरून बघितलं तर तिथंही काहीतरी सरकत होतं. म्हणजे ऑगस्टातही ते चालतच होते. आपण बायकोला सांगत होतो ते खोटं नव्हतंच, या विचारानं त्यांना हसू आलं आणि रडूही आलं.

"एक इचारू?" दुर्गाबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं रोज संध्याकाळी मले सांगतलं तुमी. आणून दाखवलं काहून नाही?"

देवमनभाऊंनी खरं तेच सांगितलं. "मले वाटे, हे शिकणाऱ्याइचं हाय. आपलं नाही. मी बी सगळ्याइच्या मागून पाहो."

दुर्गाबाईंनी काचेकडे पाहिलं. "म्या जे निंदलं, तूर, कपाशी, ज्वारी, त्याच्यात हेच होते ना?"

"हेच."

"गवतात बी?"

"गवतात बी हेच."

"चाळीस वर्षं मंग माह्या हाताखाली चालून राहिले हे," दुर्गाबाई म्हणाल्या. "अन् आपले नाहीत कसे म्हणता?"

देवमनभाऊंनी आपली शाल काढली, थंडगार स्टुलावर घडी करून ठेवली आणि बायकोला वर बसवलं. दारात उभ्या असलेल्या मॅडम धावत आलेल्या शिपायाला म्हणाल्या, "सांगा, येतायत. जरा वेळ लागेल." आणि त्यांनी बाहेरून दार हलकेच ओढून घेतलं.

दुर्गाबाई पुन्हा वाकल्या. आज पुन्हा देवमनभाऊंचा नंबर शेवटीच लागणार होता, पण त्यांना घाई नव्हती.